चार गुण, एक दाखला आणि अकरावीचे भौतिकशास्त्र



निकालाच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. मुलगा किंवा मुलगी गप्प झालेली असते आणि पत्र अम्मीने लिहिलेले असते. 'मार्क कमी पडले, आता काय करावे?' कुठे कमी पडले, किती, कशामुळे, याबद्दल एक ओळ नसते. अशा पत्राला उत्तर देणे म्हणजे 'बरे वाटत नाही' एवढ्याच तक्रारीवर औषध देण्यासारखे आहे.

या वेळचे सोलापूर जिल्ह्यातले पत्र मात्र वेगळे आहे. त्यासोबत मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स आहे, 'नीट' परीक्षेचे स्कोअरकार्ड आहे आणि वहीचा एक कागद आहे. उत्तरसूची समोर ठेवून आपली किती उत्तरे बरोबर आली आणि किती चुकली, ते मुलीने या कागदावर विषयवार मोजले आहे. अठरा वर्षांच्या मुलीने आपली पडझड अशी स्वतःच्या हाताने मोजावी, हे सोपे नाही. त्या कागदामुळेच या पत्राला पूर्ण उत्तर देता येते. ते इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून भगिनीच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता, इथे देत आहे.

अब्बूंचा फळांचा गाडा आहे. मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात होती, पुढे विज्ञान शाखा, इंग्रजीतून. दंतवैद्य व्हायचे हे तिने नववीतच ठरवले होते. नानीची कवळी बसवायला ती प्रत्येक वेळी सोबत जायची, तेव्हापासून. 'नीट'मध्ये तिला ७२० पैकी २३० गुण मिळाले. स्कोअरकार्डवर ती पात्र ठरली, घरी मिठाई वाटली गेली. मग कुणीतरी बारावीची गुणपत्रिका पाहिली आणि सांगितले की बीडीएसला तिचा अर्जच चालणार नाही. आता अब्बू म्हणतात बीएस्सी कर. फूफीने एक स्थळ आणले आहे. चच्चा म्हणतात एक वर्ष लातूरला पाठवा. आणि अम्मी मला विचारते, बांगड्या मोडू का?

बांगड्यांचे नंतर पाहू. आधी गुणपत्रिका.

भौतिकशास्त्र ४१, रसायनशास्त्र ४६, जीवशास्त्र ५९. तिन्ही विषयांत पास. पण बीडीएसला नुसते पास होऊन चालत नाही. या तीन विषयांची बेरीज खुल्या प्रवर्गासाठी ३०० पैकी १५० हवी, म्हणजे ५० टक्के. इतर मागास, अनुसूचित जाती आणि जमातींसाठी ही अट ४० टक्क्यांची, म्हणजे १२० गुणांची आहे. शिवाय इंग्रजीत उत्तीर्ण व्हावे लागते. मुलीची बेरीज १४६. चार गुण कमी. तिन्ही विषयांत पस्तीस-पस्तीस मिळवून पास झालेल्या मुलाची बेरीज १०५ होते. तो पास आहे, पण बीडीएसच्या दारातही उभा राहू शकत नाही. हे दहावीनंतर विज्ञान शाखेचा फॉर्म भरतानाच घराघरात माहीत असायला हवे. दुर्दैवाने ते बारावीच्या निकालानंतर कळते.

'नीट'मध्ये 'पात्र' या शब्दानेही घरांची फसगत होते. पात्रतेची रेषा टक्क्यांची नसून पर्सेंटाइलची असते. खुल्या प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्मे तुमच्या मागे असणे. त्यामुळे गुणांची रेषा दरवर्षी हलते. २०२३ मध्ये ती १३७ होती, २०२४ मध्ये १६२, २०२५ मध्ये १४४. २३० गुण रेषेच्या बरेच वर आहेत. पण रेषा ओलांडली म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळाली, जागा मिळाली नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांची आणि मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयाची यादी २३० च्या कितीतरी वर बंद होते. खाजगी महाविद्यालयांत परिस्थिती वेगळी असते. तिथे बीडीएसच्या जागा रिकाम्याही राहतात. २०२०-२१ च्या प्रवेशांसाठी तर सर्वोच्च न्यायालयाने पर्सेंटाइलची अट दहाने खाली आणायला सांगितले होते. तिथे अडचण जागेपेक्षा फीची असते, आणि ती लाखांत असते.

आता पत्रातल्या एका वाक्याकडे वळते. भगिनीने ते जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. 'आमचा फळांचा धंदा पिढीजात आहे, लोक आम्हाला बागवान म्हणतात, पण मुलीच्या दाखल्यावर फक्त मुसलमान लिहिलेले आहे.'

बागवान महाराष्ट्राच्या इतर मागास प्रवर्गाच्या यादीत आहेत. अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी आहेत. तरी आपल्या अनेक घरांत शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढेच लिहून येतात, आणि ती एक ओळ पुढे पंधरा-वीस वर्षे मुलांच्या पायात अडकून राहते. या मुलीच्या हातात आज जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र असते, तर याच १४६ गुणांवर ती या वर्षीच प्रवेशप्रक्रियेत उतरली असती. तिची अट १२० ची असती, १५० ची नव्हे.

आणि गोष्ट केवळ अटीची नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि खाजगी अभिमत विद्यापीठे यात येत नाहीत. गाड्यावर घर चालवणाऱ्या बापाला या एका कागदाची किंमत किती, याचा हिशेब मी मांडायला नको.

तेव्हा अब्बूंना माझी विनंती आहे, क्लासची चौकशी करण्याआधी कागदांची करा. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. दादा किंवा परदादा ज्या शाळेत गेले, तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. ते शाळेत गेलेच नसतील तर जन्ममृत्यूची जुनी नोंद, कोतवाल बुकाचा उतारा, जमिनीचे किंवा घराचे जुने कागद शोधा. जात किंवा धंदा म्हणून 'बागवान' असा उल्लेख कुठेतरी सापडतो. बापाकडच्या रक्ताच्या नात्यात, चुलत भावंडांत, कुणाची वैधता झालेली असेल तर त्याची प्रत मागून घ्या, ती फार कामाला येते. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर करतात. पडताळणी जिल्हा समितीकडे होते आणि ती वेळ घेते. म्हणून 'नीट'चा फॉर्म निघाल्यावर धावाधाव नको. आजच सुरुवात करा. फूफींना स्थळाऐवजी हे काम सांगा. घराण्याच्या जुन्या गोष्टी अशा बुजुर्ग बायकांनाच पाठ असतात, कोण कुठल्या शाळेत होते ते त्या अचूक सांगतात.

जी घरे या यादीत येत नाहीत, त्यांच्यासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आहे. त्याने जागेत आणि फीमध्ये मदत होते, पण बारावीच्या ५० टक्क्यांच्या अटीत सूट मिळत नाही. तिथे १५० म्हणजे १५०.

कागद वेळेत मिळालेच नाहीत तर? म्हणून दुसरी वाटही आजच धरायची. राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. बारावी उत्तीर्ण झालेल्यांना गुण वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसता येते. संधी मोजक्या असतात, त्यामुळे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन फॉर्मच्या तारखा विचाराव्यात. चार गुणांसाठी पुन्हा बारावी देणे मुलीला अपमानाचे वाटते आहे, असे अम्मी लिहितात. त्यात अपमान कसला? दहावीचे टक्के, बारावीची श्रेणी यातले काहीही बीडीएसच्या गुणवत्ता यादीत मोजले जात नाही. बारावीचे गुण फक्त दार उघडतात. आत क्रम लागतो तो 'नीट'च्या गुणांवर. गुण सारखे असतील तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे.

यावरून वहीच्या त्या कागदाकडे येते.

जीवशास्त्र: ९० प्रश्नांत ५७ बरोबर, ३३ चूक, गुण १९५. रसायनशास्त्र: ४५ प्रश्नांत १६ बरोबर, २९ चूक, गुण ३५. भौतिकशास्त्र: ४५ प्रश्नांत ९ बरोबर, ३६ चूक. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. नऊ चोक छत्तीस, वजा छत्तीस. शून्य.

मुलीने एकही प्रश्न सोडला नव्हता. भौतिकशास्त्राला तिने तासभर दिला, असे ती लिहिते. त्या तासाची कमाई शून्य. तो तास तिने झोप काढली असती तरी गुण तेवढेच राहिले असते.

पण मला हा कागद निराश करणारा वाटला नाही. जीवशास्त्रात ३६० पैकी १९५ मिळवणारी मुलगी अभ्यास करणारी आहे. तिचे दुखणे एका जागी आहे. ती जागा बारावीत नसून अकरावीत आहे, असा माझा अंदाज आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत बारावीचाच अभ्यासक्रम येतो. 'नीट'मध्ये अकरावी आणि बारावी दोन्ही येतात. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष. कॉलेजची परीक्षा, कशीही दिली तरी पुढच्या वर्गात. गती, बल, कार्य आणि ऊर्जा, मोलची गणिते, हे सगळे त्या वर्षात असते, आणि त्याच्यावर बारावीचे भौतिक-रसायन उभे असते.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांचे हे वर्ष आणखी एका कारणाने वाया जाते. मी वर्गात रोज पाहते. दहावीपर्यंत मूल 'खुलिया' शिकते, मराठी शाळेतले मूल 'पेशी' शिकते, आणि अकरावीत दोघांसमोर 'सेल' येतो. 'इसरा' आणि 'त्वरण' जाऊन 'अ‍ॅक्सिलरेशन' येते. मुलाला संकल्पना येत असते, पण शब्दाने दार बंद केलेले असते. शिक्षकाला वाटते याला विषय येत नाही. मुलालाही तसेच वाटू लागते. ओळखीचा शब्द परका झाला आहे एवढेच, हे त्याला कुणी सांगत नाही. सहा महिने यात जातात, आणि त्या सहा महिन्यांत भौतिकशास्त्र पुढे निघून गेलेले असते.

म्हणून या मुलीने पहिले काम करावे ते एका वहीचे. तीन रकाने: उर्दू, मराठी, इंग्रजी. अकरावीच्या भौतिक आणि रसायनाच्या पुस्तकातला जो शब्द अडतो तो तिथे लिहायचा, आणि समोर स्वतःच्या भाषेत अर्थ. महिनाभरात पुस्तक वाचता येऊ लागते. सुरुवात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकापासून करावी. ती पुस्तके एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. 'नीट'चे जीवशास्त्र तर बरेचसे त्याच पुस्तकांच्या ओळींवरून येते. तिच्या ३३ चुकांतल्या पुष्कळशा तिथेच भरून निघाव्यात.

'नीट' उर्दूत द्यावी का, असेही विचारले आहे. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर २०१८ पासून उर्दूतून प्रश्नपत्रिका मिळते, मराठीतूनही मिळते. सोबत इंग्रजी मजकूर असतोच, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. ही सोय मिळाली याचा मला उर्दू शिकवणारी म्हणून आनंद आहे. पण या मुलीने दोन वर्षे इंग्रजीतून विज्ञान केले आहे, आणि बीडीएस पूर्णपणे इंग्रजीतून आहे. तिने इंग्रजीतच राहावे. दहावीनंतरही उर्दूतूनच विज्ञान शिकलेल्या मुलाला मी उलट सल्ला देईन.

भौतिकशास्त्रात तिला पंडित व्हायचे नाही. शून्यावरून साठवर यायचे आहे. ४५ पैकी ३० प्रश्नच सोडवले, त्यातले १८ बरोबर आणि १२ चूक आले, तरी साठ होतात. रसायनात २७ बरोबर, १८ चूक आले तर नव्वद. यात काही चमत्कार नाही. रोज दोन तास अकरावीची गणिते, हातात पेन घेऊन, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर चुकण्याचे कारण: माहीतच नव्हते, माहीत होते पण आकडेमोड चुकली, की प्रश्नच समजला नाही. तिसऱ्या प्रकारच्या चुका शब्दांच्या वहीने कमी होतात, दुसऱ्या सरावाने. पहिल्या प्रकारच्या तेवढ्या शिकवणी मागतात.

त्यासाठी लातूर हवे का? कुणी लातूर सांगते, कुणी नांदेड, कुणी बीदर. तिथून मुले पुढे जातात हे खरे आहे. पण तिथला वेग अकरावी पक्की असलेल्या मुलांचा असतो. जिचे भौतिकशास्त्र शून्यावर आहे, ती शंभर मुलांच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मागे पडेल आणि वसतिगृहात रडत बसेल. फी, खोली, डबा हा खर्च वेगळा. माझे स्पष्ट मत आहे, बांगड्या मोडू नका. गावात भौतिक आणि रसायन शिकवणारा एक चांगला शिक्षक शोधा, जो अकरावीच्या पहिल्या धड्यापासून घेईल आणि मुलीला प्रश्न विचारू देईल. सराव परीक्षांची मालिका तेवढी विकत घ्या. दिवाळीपर्यंत भौतिकशास्त्र तीस-चाळीसवर आले, तर पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या उजळणीसाठी बाहेर पाठवण्याचा विचार करता येईल. तेव्हा ते पैसे कामी लागतील.

घराकडून मात्र एक गोष्ट हवी, आणि ती पैशाने मिळत नाही. 'नीट' रविवारी असते, दुपारी २ ते ५. तीन तास, १८० प्रश्न, मे महिन्याच्या उन्हात. नोव्हेंबरपासून दर रविवारी याच वेळेत मुलगी सराव परीक्षा देईल. त्या तीन तासांत पाहुणे नकोत, 'जरा दोन कप चहा टाक' नको, धाकट्यांना सांभाळणे नको. घरात राहून वर्ष पुन्हा देणाऱ्या मुलाचे जे लाड होतात, ते मुलीचे होत नाहीत. ती घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असे सगळ्यांना वाटते. तिचे वर्ष स्वयंपाकघरात गेले आणि मग गुण आले नाहीत, तर दोष तिच्या अकलेला देऊ नका. रमजान सध्या बारावीच्या परीक्षेच्या सुमारासच येतो. त्या महिन्यात सहरीनंतरचे तास तिचे असू द्या, इफ्तारीचे तळण दुसऱ्या कुणीतरी पाहावे.

अब्बूंच्या मनात दुसरीच चिंता आहे, आणि ती खोटी नाही. पाठच्या दोन बहिणी आहेत. बीडीएस चार वर्षांचे, वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि हे एक वर्ष. म्हणजे मुलगी चोवीसची होईल. मी एवढेच म्हणेन, एक वर्ष द्या, पण मोजून द्या. ती या वर्षी बीएस्सीला नाव घालून ठेवू शकते, पण मन दोन्हीकडे राहील, म्हणून मला ते पसंत नाही. त्याऐवजी पुढच्या वर्षी तिने 'नीट'बरोबर एमएचटी-सीईटीचाही पीसीबी गटाचा फॉर्म भरावा. बीडीएसशी त्या परीक्षेचा संबंध नाही, पण बी. फार्मसी तिथून मिळते आणि अभ्यास तोच. 'नीट'च्याच गुणांवर युनानीचा बीयूएमएस अभ्यासक्रमही आहे, आणि दहावीला उर्दू असलेल्या मुलीला तिथे भाषेची अट आपोआप पूर्ण होते. वय किंवा प्रयत्नांची कमाल मर्यादा 'नीट'ला नाही, म्हणून तिसरे, चौथे वर्ष देत बसणारी मुले मी पाहते. या मुलीने तसे करू नये. पुढच्या जूनमध्ये जे गुण येतील, त्यावर जे मिळेल ते घ्यायचे, हे आजच बाप-लेकीने समोरासमोर बसून ठरवावे. फूफींना स्थळवाल्यांना काय सांगायचे तेही मग ठरेल.

पुण्याच्या आझम कॅम्पसमधले एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालयही पर्यायांच्या यादीत ठेवावे. मुस्लिम अल्पसंख्याक संस्था असल्याने तिथे आपल्या समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी जागा असतात. पण 'नीट' आणि बारावीच्या गुणांची अट तिथेही लागू आहे. फीची चौकशी आधी करावी.

जाता जाता दुसरे एक छोटे पत्र. मालेगावचे एक वालिद लिहितात की मुलगा 'नीट'मध्ये पात्र ठरला नाही, पण एक गृहस्थ 'व्यवस्थापन कोट्यातून नीटशिवाय बीडीएस' करून देतो म्हणतात आणि दोन लाख आगाऊ मागतात. जनाब, भारतात 'नीट'शिवाय बीडीएसचा प्रवेश नाही. सरकारी नाही, खाजगी नाही, अल्पसंख्याक नाही, व्यवस्थापन कोट्यातूनही नाही. महाविद्यालयात बसवून घेतले, फी घेतली, तरी तो प्रवेश पुढे मान्य होत नाही आणि मुलाची वर्षे जातात. पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती, फोनवरचे संदेश, बँकेचा व्यवहार, जे असेल ते सांभाळून ठेवा आणि पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. आणि मुलाच्या तिन्ही विषयांतली बरोबर-चूक उत्तरे मोजून मला पाठवा.

पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, दहावी झालेल्या मुलांच्या घरांसाठी लिहीन. महाज्योती संस्थेकडून इतर मागास प्रवर्गातल्या, अकरावी विज्ञानला गेलेल्या मुलांना 'नीट'चे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅबलेट मिळतो. त्याची माहिती त्यात येईल. तोवर ज्यांच्या मुलांच्या दाखल्यावर नुसते 'मुसलमान' आहे, त्यांनी दादांची शाळा शोधायला लागावे.

वस्सलाम.